चाळीस दिवस खुलासा नाही

रिबकामावशी फार नम्र होती असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

गेल्या हिवाळ्यात ती वारली. तिच्या स्मरणाच्या उपासनेसाठी एक छोटी पत्रिका काढायचं मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी ठरवलं आणि मजकुराचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. मी निवृत्त शिक्षक, शिवाय वीसेक वर्षं मंडळीचा सेक्रेटरी. जो तो घरी येऊन सांगून गेला, 'मास्तर, असं लिहा, बाई शांत होती, नम्र होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही.' हे सांगणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना तिने भर रस्त्यात झापलेलं मी स्वतः पाहिलेलं आहे. पत्रिका मी लिहिली नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहिली. तिच्यात 'नम्र' हा शब्द चार वेळा आला आहे. मी तो मोजला आणि रागारागाने हे लिहायला बसलो.

आमचं गाव तेलगावच्या अलीकडे, ऊस आणि कापसाच्या रानांत. ख्रिस्ती घरं पस्तीस-चाळीस. चर्च लहान, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, वेदीला तीन पायऱ्या. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, महिन्यातून दोनदा बाहेरगावाहून येतात, बाकीचे रविवार आम्ही आमचे आम्ही भागवतो. रिबकामावशी एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून राबून निवृत्त झालेली. बुटकी, सावळी, चालणं इतकं भरभर की चपलांचा आवाज आधी आणि बाई मागून यायची. पदराच्या टोकाला कायम एक गाठ आणि त्या गाठीत चर्चची किल्ली. दर शनिवारी पहाटे चर्चची फरशी धुणं हे तिचं काम. कुणी दिलेलं नव्हतं, तिने घेतलं होतं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

आणि जीभ. तिच्याशी वादात जिंकलेला माणूस आमच्या तालुक्यात मला ठाऊक नाही. 'थांबा, आधी माझं ऐका,' हे तिचं वाक्य. ते कानावर आलं की शहाण्या माणसाने 'तुमचं बरोबर आहे' म्हणून निघून जावं. एकदा मी आणि ती बीडहून एसटीने येत होतो. तिच्या सीटखालच्या पिशवीवरून कंडक्टर काहीतरी बोलला. बस बीडच्या स्टँडवरून हलली तेव्हा 'थांबा, आधी माझं ऐका' सुरू झालं. वडवणी येईपर्यंत कंडक्टर तिला 'आई' म्हणायला लागला होता आणि पिशवी त्याने स्वतः उचलून वरच्या रॅकवर नीट ठेवली होती. तिने ती परत खाली काढायला लावली, कारण ती खालीच बरोबर होती.

अशी ही बाई राखेच्या बुधवारी एकदम गप्प व्हायची. तिथपासून ईस्टरपर्यंत आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्यात जो तो काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू, बायका टीव्हीवरची मालिका सोडतात आणि शेजारणीकडून तिची गोष्ट ऐकून घेतात. मी साखर सोडायचो. ती डॉक्टरांनी आधीच सोडायला सांगितली होती, पण ते मी मंडळीत बोलत नसे. रिबकामावशी म्हणायची, 'मी खुलासा सोडलाय.'

म्हणजे चाळीस दिवस स्वतःची बाजू मांडायची नाही. कुणी काहीही म्हणो, खरं असो की खोटं, उत्तर एकच: 'चुकलं माझं.'

उपवासकाळात आमच्याकडे रोज संध्याकाळी पाचला एकेका घरी प्रार्थना असते. घरांची यादी मी करतो. सगळे बसले, गाणं झालं की गुडघे टेकण्याआधी मावशी त्या घरच्या माणसांकडे वळून विचारायची, 'माझं काई चुकलं असलं तर सांगा.' लोक आधी लाजायचे. मग सांगायचे. आणि तिची पाळी आली की ती तेवढंच देवापुढे ठेवायची. 'प्रभू, मी ह्यांच्या दारावरून दोनदा गेले आन् दोन्ही बारी बोलले न्हाई. चुकलं माझं. आमेन.' संपली प्रार्थना. माझी प्रार्थना मात्र पंधरा मिनिटांची. हे सनातन, सर्वसमर्थ, करुणासागर देवा, इथून मी सुरू व्हायचो. माझी प्रार्थना ऐकायला लोक दुसऱ्या गल्लीतून येतात असं एकदा कुणी म्हणालं होतं. ते मी कधी विसरलो नाही.

तिच्या ह्या व्रताचा सगळ्यात जास्त फायदा तिच्या सुनेने, शोभाने घेतला. शोभा वर्षभर सासूपुढे ब्र काढू शकत नसे, म्हणून वर्षभराच्या तक्रारी ती साठवून ठेवायची. त्यांच्या घरची प्रार्थना असली की त्या सगळ्या बाहेर यायच्या. लोणच्याच्या बरणीला बुरशी आली तिथून सुरुवात व्हायची, माहेरच्या लोकांना चहा पातळ दिला तिथवर यायची, आणि मावशी प्रत्येकाला मान खाली घालून 'चुकलं माझं' म्हणायची. एका वर्षी शोभा म्हणाली, 'माझा मोबाईल रांजणात पडला तो ह्यांच्यामुळं.'

'चुकलं माझं,' मावशी म्हणाली.

मला राहवलं नाही. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, 'मावशी, मोबाईल पडला त्या दिवशी तुम्ही बीडला होतात. मी तुमच्या बरोबर होतो.'

'व्हते की.'

'मग चुकलं कसलं?'

'मास्तर, तुमच्या हापिसानं कागद पाठवला का तुमी खुलासा देता. शोभानं मला कागद पाठवला न्हाई. तिला नुस्तं बोलायचं व्हतं.'

मी सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलं. उशीर का झाला याचा खुलासा, पट का घटला याचा खुलासा, खिचडी का करपली याचासुद्धा खुलासा. खुलासा उत्तम लिहिणारा शिक्षक म्हणून मला तालुक्यात ओळखत. दुसऱ्या शाळांचे मास्तर माझ्याकडून लिहून न्यायचे. त्यामुळे हे तिचं वागणं माझ्या डोक्यातच शिरत नसे. ही कसली नम्रता, जी समोरच्याला खोटं बोलायला शिकवते? मी पाळकसाहेबांकडे तक्रार केली. ते म्हणाले, 'मास्तर, तुमच्यावर तर काही आलं नाही ना?' मी म्हटलं, नाही. त्यांनी विषय बदलला.

उपवासकाळ ऐन थंडी सरताना येतो आणि तेव्हा आमच्या वस्तीतली बरीचशी घरं कुलूपबंद असतात. माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडे गेलेली. मी यादी करताना ती घरं वगळायचो. एका वर्षी राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी, म्हणजे जीभ मोकळी असताना, मावशी यादी घेऊन माझ्या घरी आली.

'थांबा, आधी माझं ऐका. अकरा घरं कुटं गेली?'

'ऊसतोडीला गेली.'

'माणसं गेली. घरं हायत. आपण तिथं बसायचं.'

'कुलपापुढे?'

'ओट्यावर बसायचं. घराची पाळी कावून चुकवायची?'

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या वर्षीपासून आम्ही बंद घरांच्या ओट्यावर बसून प्रार्थना करायला लागलो. मला त्याचा भयंकर संताप यायचा. रस्त्याची धूळ, शेळ्या येऊन पुस्तक हुंगतात, आणि येणारेजाणारे सगळे माझे जुने विद्यार्थी. मोटरसायकल थांबवून खाली उतरायचे, तोंड पाडून विचारायचे, 'काय झालं गुरुजी, कोण गेलं?' कुणी गेलं नाही, प्रार्थना आहे, हे मी एका संध्याकाळी पाच जणांना सांगितलं. मावशी तिथेही विचारायची. कुलपाकडे बघून म्हणायची, 'माझं काई चुकलं असलं तर सांगा,' आणि थोडं थांबायची.

एकदा अशाच एका ओट्यावर आम्ही दोघंच आलो. कुठेतरी लग्न होतं, बाकीचे तिकडे गेलेले. मी म्हटलं, आता कोणी नाही, हे तुमचं खुलासा सोडणं सुरू कधीपासून झालं ते तरी सांगा. तिने कुलपाकडे पाहिलं. मग बोलली.

दवाखान्यात ती कामाला होती तेव्हा एका सकाळी औषधांच्या फ्रीजचं दार उघडं सापडलं. आतली इंजेक्शनं गेली. डॉक्टरांनी दोघी आयांना उभं केलं. एक ही, दुसरी मुक्ता नावाची नवी पोर. 'म्या असं बोलले मास्तर, असं बोलले, का डाक्टर म्हणले, बाई, तुमी बसा. मुक्ताला बोलताच येईना. नुस्तं रडली. तिला त्याच दिवशी घरी पाठवलं.'

'मग?'

'आठ दिवसांनी मला याद आलं. माझा दह्याचा डबा म्या त्या फ्रीजमदी ठिवला व्हता. शेवटी तो काढाया दार म्याच उघडलं व्हतं.'

ती मुक्ताच्या गावी गेली होती. घराला कुलूप. पोरगी आईबापाबरोबर उसाला गेलेली. मग तिने डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आता काय उपयोग, तिच्या जागी दुसरी लावली. 'तिला बोलता येत न्हवतं, मला येत व्हतं. तेवढाच फरक,' मावशी म्हणाली आणि पदराने डोळे न पुसता गुडघे टेकले. त्या दिवशी मी पहिल्यांदा आखूड प्रार्थना केली. सुचलंच नाही काही.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी पुढचं घडलं. म्हणून तर चिडचिड होते.

चर्चमध्ये एक जुनं रजिस्टर आहे. काळ्या पुठ्ठ्याचं, जाड. बाप्तिस्मे आणि लग्नं त्याच्यात नोंदलेली. आमच्या म्हाताऱ्या माणसांपैकी कित्येकांच्या जन्माचा कागद असा दुसरा नाहीच, त्यांचं सगळं त्या शाईत. ते कपाटात कुलपात ठेवणं ही सेक्रेटरीची जबाबदारी. उपवासकाळातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी एक मुलगा लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आला. मी रजिस्टर काढलं. तेवढ्यात लाइट गेली. उजेडासाठी मी ते घेऊन वेदीजवळच्या दाराच्या बाजूला सरकलो, वेदीच्या खालच्या पायरीवर ठेवून पानं चाळली, नोंद सापडली. आणि फोन आला. साडूचा होता, त्यांच्या घरी भांडण झालं होतं, लांबलचक. बोलत बोलत मी दार ओढून घेतलं आणि घरी गेलो. रजिस्टर पायरीवरच राहिलं.

शनिवारी पहाटे मावशीने नेहमीसारखी पहिली बादली वेदीच्या पायऱ्यांवर ओतली. काळं रजिस्टर, काळी फरशी, लाइट अजून आलेली नव्हती. झाडू लागला तेव्हा तिला कळलं. मी बातमी ऐकून धावत गेलो तर तिने पानं वेगळी करून चर्चच्या कट्ट्यावर उन्हात मांडली होती, प्रत्येकावर एकेक खडा. शाईची पानं सगळी निळी झाली होती. म्हातारा शमुवेल काठी टेकत आला, आपलं पान शोधून त्यावर वाकला आणि म्हणाला, 'माझं नाव गेलं, आईचं नुस्तं अर्धं राहिलं.' मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खडे नीट करायला लागलो.

रविवारी उपासनेनंतर पंच बसले. आमचे मुख्य पंच दाविदराव, कडक माणूस. त्यांनी विचारलं, 'हे कोणाच्या हातून झालं?'

मला वाटलं, आता ती सांगणार. रजिस्टर पायरीवर आलं कसं, हा एक प्रश्न तिने विचारला असता तरी पुरे होतं. पण दिवस कोणते चालू आहेत ते मला पाठ होतं. ईस्टरला अजून तीन आठवडे होते.

'चुकलं माझं,' मावशी म्हणाली. 'बगून पाणी टाकायला पायजे व्हतं.'

एक तरुण पंच तिच्या बाजूचा होता. तो म्हणाला, 'मावशी, रविवार चाळीसांत धरत नाहीत. आज बोला काय बोलायचं ते.'

'जिभेला रविवार कळत न्हाई बाबा.'

दाविदराव म्हणाले, वय झालं, नजर गेली, आता किल्ली ह्यांच्याकडे ठेवणं बरं नाही. ठरावाची वही माझ्यापुढे होती. मी लिहिलं, 'रिबकाबाईंनी चूक मान्य केली असून चर्चची किल्ली परत घेण्यात येत आहे.' माझं अक्षर चांगलं आहे. पदराची गाठ इतक्या वर्षांची, ती सुटेना, तिने दातांनी सोडवली आणि किल्ली टेबलावर ठेवली. घरी जाताना तिचा पदर एका बाजूने हलका पडला होता.

ईस्टर होऊन गेला. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी ती माझ्या ओसरीवर हजर झाली. गेलेल्या नोंदी परत लिहून काढायच्या, तिला सगळ्या आठवत होत्या. कोरं रजिस्टर मी आणलेलंच होतं. मी पेन उघडलं तशी ती म्हणाली, 'मास्तर, चाळीस दिवस सरले. आता मी बोलू, का तुमी बोलता?'

मी म्हटलं, 'आधी हे काम उरकू.'

'बरं,' ती म्हणाली.

पूर्ण उन्हाळा आम्ही समोरासमोर बसलो. ती सांगायची, मी लिहायचो. 'शमुवेल, आईचं नाव सोनाबाई. आखाडातला बाप्तिस्मा. आई सांगायची, गोधडीत आणला व्हता, पाळकाच्या झग्यावर मुतला.' जीभ परत मोकळी झाली होती, त्यामुळे माझ्या पंख्याला, माझ्या चहाला आणि माझ्या बायकोच्या पापडांना तिने नावं ठेवली. फक्त त्या एका गोष्टीला ती हात लावत नव्हती. कधी कधी मी लिहिता लिहिता थांबायचो, तीही थांबायची, मग मी पुढचं नाव विचारायचो. शेवटच्या दिवशी शेवटची नोंद झाल्यावर तिने रजिस्टर मिटलं, आपल्या हाताने माझ्या कपाटात ठेवलं, कुलूप लागलं का ते ओढून बघितलं आणि निघून गेली. मला तिचा इतका राग आला की मी त्या रात्री जेवलो नाही.

पुढच्या वर्षीच्या उपवासकाळात माझ्या घरची पाळी आली. ओसरी भरली होती. गाणं झालं. ती माझ्याकडे वळली.

'मास्तर, माझं काई चुकलं असलं तर सांगा.'

'काही नाही, मावशी.'

'मग मी कसली प्रार्थना करू?'

कुणीतरी हसलं. ती गुडघ्यांवर बसली, तिची पाळी आली तेव्हा काहीच बोलली नाही, आणि बऱ्याच वेळाने नुसतं 'आमेन' म्हणाली. लोक म्हणाले, म्हातारी आता विसरायला लागली.

मला झोप लागेना. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते आणि शेवटची प्रार्थना माझी. मी ठरवलं, आज मोकळं व्हायचं. वीस मिनिटांच्या प्रार्थनेत साधारण मध्यावर मी म्हणालो, 'आणि हे दयासागरा, मानवी विस्मृतीच्या भरात जे काही तुझ्या पवित्र वेदीच्या पायरीशी राहून गेले आणि ज्यायोगे तुझ्या लेकरांच्या नावांस हानी पोचली, त्या दुर्बळतेचीही तू क्षमा कर.' तिथून मी देशाच्या नेत्यांकडे आणि पावसाकडे वळलो. मंडळी म्हणाली, 'आमेन.' कुणाची पापणी हलली नाही. बाहेर दाविदरावांनी माझा हात हातात घेतला. 'मास्तर, आजची प्रार्थना फार सुंदर झाली. डोळ्यांत पाणी आलं.'

मावशी फाटकापाशी चपला शोधत होती. मी मुद्दाम तिथे गेलो.

'ऐकलंत ना?' मी विचारलं.

'ऐकलं. पर मास्तर, एवढ्या लांब प्रार्थनेत ते कुणाला सापडायचं?'

मग माझा तोल गेला. उत्तम शुक्रवार, ऊन डोक्यावर, लोक आजूबाजूला, आणि मी तिला दबक्या आवाजात बोललो. म्हटलं, तुम्हीच का नाही बोललात? गप्प बसून तुम्ही मोठ्या झालात आणि मला ह्यात अडकवून ठेवलंत. हे कसलं व्रत? त्या दिवशी तुम्ही खोटं कबूल केलंत, देवापुढे खोटं.

'हा खुलासा न्हाई मास्तर, पर खोटं बी न्हाई,' ती म्हणाली. 'बगून पाणी टाकायला पायजे व्हतं, ते म्या टाकलं न्हाई. माझ्या वाटचं मी बोलले. तुमच्या वाटचं तुमच्यापाशी हाय, ते मी कसं बोलू?' चप्पल सापडली, ती घालून ती चालायला लागली. त्या वेळी तिचे गुडघे चांगलेच दुखत असावेत, कारण ती हळू चालत होती.

पावसाळ्यात तिची लेक मार्था येऊन तिला घेऊन गेली. मार्था लिंबागणेशला नर्स आहे. मावशी गेली आणि मग लोकांच्या लक्षात आलं की चर्चच्या फरशीवर धूळ असते. पाळीने धुवायचं ठरलं होतं, पण पाळीचं काम सगळ्यांचं असतं, म्हणजे कुणाचंच नाही.

पुढच्या राखेच्या बुधवारी मी उभा राहिलो. प्रार्थनेत नाही, डोळे उघडे ठेवून, मंडळीकडे तोंड करून. म्हटलं, रजिस्टर माझ्यामुळे भिजलं. सगळं सांगितलं, सात-आठ मिनिटं लागली. मला वाटलं, आता माझी सेक्रेटरीची वही काढून घेतील. दाविदराव जागेवरून उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'असू द्या मास्तर. चूक कुणाच्याही हातून होते.' मग सगळ्यांना चहा आला. मावशी दोन शब्द बोलली आणि तिची किल्ली गेली. मी आठ मिनिटं बोललो आणि मला बिस्किटं मिळाली. किल्ली तिला परत द्यावी असा ठराव झाला. तोही मीच लिहिला.

ईस्टर झाल्यावर मी बीडला गेलो, तिथून जीपने लिंबागणेशला. मार्थाचं घर देवळाच्या मागच्या आळीत. मावशी दारातल्या बाजेवर बसली होती, अर्धी झालेली. पाय सुजलेले. मला पाहून तिने आधी, मी चप्पल चुकीच्या जागी काढली, असं सांगितलं. मी चप्पल उचलून नीट ठेवली, बाजेच्या कडेला बसलो आणि किल्ली तिच्या हातात दिली.

तिने किल्ली उलटीपालटी करून पाहिली. 'सांगितलं?'

'सांगितलं. राखेच्या बुधवारी, सगळ्यांसमोर.'

'काय सांगितलं?'

मी सांगायला लागलो. शुक्रवारची संध्याकाळ होती, तो मुलगा दाखल्यासाठी आला, लाइट गेली, उजेड नव्हता म्हणून मी दाराकडे सरकलो, तेवढ्यात साडूचा फोन आला, त्यांच्या घरी…

तिने हात वर केला.

'फोन कुणाचा व्हता ते कावून सांगितलं?'

मी चप्पल नीट आहे का ते वळून बघितलं.

'आन् लाइटचं?'

'लाइट खरंच गेली होती, मावशी.'

'गेलती की. मला ठाऊक हाय, मी बी अंधारातच पाणी टाकलं. मी सांगितलं का कुणाला?' ती माझ्याकडे बघत राहिली. 'परत सांगा.'

हे लिहितानाही वरच्या मजकुरात लाइट गेलीच आहे आणि साडूचा फोनही आला आहे. मघाशी वाचताना दिसलं. खोडणार होतो, मग राहू दिलं. जन्मभराची खोड आहे, ती अशी खोडून जात नाही.

त्या दिवशी मी बाजेवर बसून म्हणालो, 'रजिस्टर मी पायरीवर ठेवलं.'

पुढची चार वाक्यं ओठांवर आली होती. ती वाट बघत होती, पुढे काही येतं का ते. मी जीभ दातांत धरली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज थांबला.

'आमेन,' मावशी म्हणाली.

मग तिने पदराचं टोक ओढून किल्ली त्यात ठेवली आणि गाठ मारायला लागली. गाठ दोनदा सुटली. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. तिसऱ्यांदा गाठ बसली. ती तिने ओढून पाहिली. मार्था आतून चहा घेऊन आली. मावशीने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ईस्टर होऊन गेला होता.

मी निघालो. जीप आळीच्या तोंडाशी उभी होती. तिथून मागे वळून पाहिलं तर ती बाजेवर ताठ बसली होती, किल्लीची गाठ मुठीत धरून, आणि तिचा आवाज जीपपर्यंत येत होता. 'थांब मार्था, आधी माझं ऐक. ह्याला च्या म्हणत न्हाईत.'